गिनीच्या यादीतला कोरा रकाना : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

गिनीतल्या फ्रेंच राजदूतांवरच्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी गोषवारा देतो. तुमचं म्हणणं असं : यादीत १९६५ ते १९७५ हा पट्टा कोरा आहे, म्हणजे नावं शोधायचा कंटाळा केला. गिनी ऑक्टोबर १९५८ मध्ये स्वतंत्र झाला, तर पहिला फ्रेंच प्रतिनिधी १९५९ चा कसा, आणि तो तरी खरा राजदूत होता का? नायजरच्या ओळीत '२०२३ : संबंध तुटले' असं सरळ लिहायचं सोडून 'राजदूत परतले' असं गुळमुळीत का लिहिलं? आणि जाता जाता एक टोला, की पश्चिम आफ्रिकेतल्या फ्रेंच वकिलातींची ही जंत्री मराठीत हवी कोणाला?

कोऱ्या पट्ट्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे आक्षेप त्यातूनच निघाले आहेत.

त्या पट्ट्यात भरायला नाव नाही, कारण तेव्हा गिनीच्या राजधानीत, कोनाक्रीत, फ्रान्सचा राजदूत हे पदच नव्हतं. ऑक्टोबर १९६५ मध्ये मामादू तुरे नावाच्या व्यापाऱ्याने, ज्याला सगळे 'पती तुरे' म्हणत, राष्ट्राध्यक्ष सेकू तुरेंच्या एकपक्षीय राजवटीत नवा पक्ष काढायचा प्रयत्न केला. चोरून नव्हे, कायद्याप्रमाणे कागदपत्रं दाखल करून. त्याला अटक झाली, 'कट' जाहीर झाला आणि त्यात फ्रेंच मंत्र्यांची नावं गोवली गेली. नोव्हेंबरात राजदूत फिलिप केनिग यांना जावं लागलं आणि दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध तुटले. ते पुन्हा जुळले १४ जुलै १९७५ ला. नवा राजदूत कोनाक्रीत पोचायला त्यानंतरही काही महिने गेले, म्हणून यादीतला कोरा पट्टा प्रत्यक्ष तुटलेल्या काळापेक्षा थोडा लांब दिसतो. यात चुकीचं काही नाही. संबंध जुळल्याचं पत्रक एका दिवसात निघतं, राजदूत एका दिवसात निघत नाही.

तुम्ही ज्या दुसऱ्या यादीचा दुवा दिलात, तिथे याच वर्षांत 'गिनी'खाली नावं दिसतात हे खरं आहे. त्या नावांपुढचं शहर बघा. आफ्रिकेत गिनी नावाचे तीन देश आहेत : कोनाक्री राजधानी असलेला गिनी, बिसाऊ राजधानी असलेला गिनी-बिसाऊ, आणि ऑक्टोबर १९६८ मध्ये स्पेनपासून स्वतंत्र झालेला इक्वेटोरिअल गिनी, ज्याची राजधानी आधी सांता इसाबेल होती आणि नंतर तिचंच मलाबो झालं. यंत्राने जमवलेल्या याद्यांत हे तिन्ही सर्रास मिसळतात. १९६८ नंतर अचानक उगवलेला 'गिनीतला फ्रेंच राजदूत' बहुतेक वेळा मलाबोचा निघतो. देशाचं नाव न बघता नेमणुकीचं शहर बघायचं, ही पहिली चाळणी. दुसरी चाळणी बदललेल्या नावांची. दाहोमेचा १९७५ मध्ये बेनिन झाला, अपर व्होल्टाचा १९८४ मध्ये बुर्किना फासो. एकच राजदूत दोन याद्यांत अर्धा-अर्धा सापडतो तो यामुळे.

आता संबंध तुटणं म्हणजे नेमकं काय होतं ते बघू, कारण तुमच्या प्रतिक्रियेत 'राजदूत हाकलला', 'वकिलात बंद झाली' आणि 'संबंध तुटले' हे तिन्ही एकाच अर्थाने आले आहेत.

संबंध तोडणारा देश तशी लेखी सूचना देतो. मुदत मिळते, अनेकदा काही दिवसांचीच. सांकेतिक लिपीची साधनं आणि गुप्त कागद आधी नष्ट करतात, कारण तेच सगळ्यात धोक्याचे. उरलेल्या दप्तराला मोहोर लागते. सामानाची, गाड्यांची यादी होते. स्थानिक नोकरांचे पगार, बँकेतली खाती, इमारतीचं भाडं यांची व्यवस्था लावली जाते. मग ध्वज उतरतो आणि किल्ल्या एखाद्या तिसऱ्या देशाच्या वकिलातीकडे जातात, जो दोघांनाही चालेल असा असावा लागतो. राजनैतिक संबंधांवरच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या ४५ व्या कलमात हे सगळं आहे : यजमान देशाने इमारत, सामान आणि दप्तर यांचा मान राखायचा, युद्ध असलं तरी. पाहुण्या देशाला त्यांची राखण आणि आपल्या नागरिकांचं हितरक्षण तिसऱ्या देशावर सोपवता येतं. मात्र फ्रान्सने हा करार मंजूर केला १९७० च्या अखेरीस. म्हणजे १९६५ मध्ये कोनाक्रीतून बाहेर पडताना या दोघांमध्ये चालली ती रूढी. लेखी कलमाचा आधार नव्हता. मूळ लेखात मी कलमांचे आकडे टाकले नाहीत ते म्हणूनच. आणखी एक गोष्ट लोक विसरतात. राजनैतिक संबंध तुटले म्हणून वाणिज्यदूतांचे संबंध आपोआप तुटत नाहीत. १९६३ च्या वेगळ्या करारात तसं स्पष्ट लिहिलं आहे.

कोऱ्या पट्ट्याची किंमत काय होती ते १९७० मध्ये दिसलं. २२ नोव्हेंबरला पोर्तुगीज सैन्याने गिनीतल्या निर्वासित विरोधकांना बरोबर घेऊन समुद्रातून कोनाक्रीवर छापा घातला. आपले युद्धकैदी सोडवणं आणि सेकू तुरेंना उलथवणं हे दोन हेतू. कैदी सुटले, तुरे टिकले. मग धरपकड सुरू झाली. मंत्री, अधिकारी, कोनाक्रीचे आर्चबिशप रेमों-मारी चिदिंबो आणि त्यांच्याबरोबर काही युरोपीय नागरिक बोइरो छावणीच्या तुरुंगात गेले. त्यात फ्रेंच होते, जर्मनही होते. पश्चिम जर्मनीशीही गिनीने जानेवारी १९७१ मध्ये संबंध तोडले. अशा वेळी राजदूत असता तर त्याने रोज परराष्ट्र मंत्रालयाचं दार ठोठावलं असतं, कैद्याला भेटायची परवानगी मागितली असती, आरोपपत्राची प्रत मागितली असती. मिळालं असतंच असं नाही. पण मागणारा माणूस तरी जागेवर असता. पॅरिसला तेवढंही शक्य नव्हतं.

तिढा सोडवला तो फ्रान्सच्या परराष्ट्र खात्यातल्याच एका माणसाने, पण फ्रान्सच्या वतीने नव्हे. आंद्रे लेविन तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघात सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम यांचे प्रवक्ते होते. वाल्डहाइम १९७४ च्या मार्चमध्ये गिनीत गेले तेव्हा लेविन त्यांच्यासोबत होते. आधी बॉन, म्हणजे पश्चिम जर्मनीचं सरकार, आणि कोनाक्री यांच्यात मध्यस्थी झाली आणि त्याच वर्षी जर्मन कैद्यांची सुटका झाली. मग तीच पद्धत फ्रान्ससाठी वापरली. तारीख १४ जुलै, फ्रान्सचा राष्ट्रीय दिन, योगायोगाने पडलेली नाही. फ्रेंच कैदी सुटले आणि संबंध जुळल्याची घोषणा झाली. त्यानंतर पॅरिसने राजदूत म्हणून लेविन यांनाच पाठवलं, आणि ते १९७९ पर्यंत राहिले. मध्यस्थालाच पुढे एका पक्षाचा राजदूत करणं ही राजनयात फार क्वचित घडणारी गोष्ट. मला विचाराल तर जोखमीचीही, कारण उद्या दुसरा पक्ष म्हणू शकतो की हा पहिल्यापासून तुमचाच होता. इथे ते खपलं, कारण सेकू तुरेंचा विश्वास माणसावर बसला होता, पदावर नव्हे. डिसेंबर १९७८ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जिस्कार द'एस्तँ गिनीच्या दौऱ्यावर आले ते याच कारकिर्दीत. तुमच्या नजरेतून सुटलं असेल म्हणून सांगतो, हेच लेविन १९८७ ते १९९१ या काळात नवी दिल्लीत फ्रान्सचे राजदूत होते.

आता दुसरा आक्षेप, १९५८ आणि १९५९ मधल्या फटीचा. २८ सप्टेंबर १९५८ च्या सार्वमतात गिनीने फ्रान्सचे नेते द गॉल यांच्या प्रस्तावित फ्रेंच समुदायाला, म्हणजे फ्रान्स आणि त्याच्या वसाहतींच्या संघाला, ९५ टक्क्यांहून जास्त मतांनी नकार दिला. दुसऱ्याच दिवशी पॅरिसचे दूत ज्याँ रिस्तेरुच्ची यांच्याकरवी कळवण्यात आलं की आता फ्रान्सकडून पैसा आणि प्रशासन थांबणार. २ ऑक्टोबरला स्वातंत्र्य जाहीर झालं. फ्रेंच अधिकारी, शिक्षक, तंत्रज्ञ यांची परतपाठवणी सुरू झाली. रिस्तेरुच्ची यांचं नाव यादीत घाला असं तुम्ही सुचवता. ते राजदूत नव्हते. वसाहतीचा कारभार गुंडाळायला आलेले प्रशासक होते. ज्या देशाला पॅरिसने अजून मान्यताच दिली नव्हती, तिथे पॅरिसचा राजदूत असेल कसा? डिसेंबरात गिनीचा संयुक्त राष्ट्रसंघातला प्रवेश सुरक्षा परिषदेत आला तेव्हा फ्रान्स तटस्थ राहिला, विरोधही नाही आणि बाजूनेही नाही. ७ जानेवारी १९५९ ला चलन, तांत्रिक मदत आणि संस्कृती या विषयांवरच्या करारांवर सह्या झाल्या, आणि त्यानंतर फ्रान्सिस ह्युरे फ्रान्सचे पहिले प्रतिनिधी झाले, आधी प्रभारी दूत म्हणून.

'प्रभारी' हा राजदूत का नाही, हे विचारलंत ते बरं केलंत. दूतावासाच्या प्रमुखांचे दर्जे असतात. राजदूत एका राष्ट्रप्रमुखाकडून दुसऱ्या राष्ट्रप्रमुखाकडे पाठवला जातो, म्हणून त्याची अधिकारपत्रं राष्ट्राध्यक्षाच्या हाती जातात. स्थायी प्रभारी दूताचं पत्र परराष्ट्रमंत्र्याकडून परराष्ट्रमंत्र्याकडे जातं. संबंध ठेवायचे आहेत, पण पूर्ण मान द्यायचा नाही, अशा वेळी देश मुद्दाम हा खालचा दर्जा वापरतात. पॅरिसने तेव्हा नेमकं तेच केलं. याहून वेगळा असतो हंगामी प्रभारी. राजदूत रजेवर किंवा माघारी बोलावलेला असताना त्याच्या जागी बसणारा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी. चांगल्या यादीत पहिल्याला स्वतंत्र ओळ मिळते, दुसऱ्याला तळटीप.

शेजारच्या सेनेगलमध्ये १९६० नंतर उलटा प्रकार होता. तिथला फ्रेंच प्रमुख 'उच्च प्रतिनिधी' म्हणवला जाई. आधी क्लोद एत्ये द ब्वालाँबेर, मग ल्युसिएँ पे, जे १९६४ मध्ये थेट पेकिंगला (बीजिंगला) साम्यवादी चीनमधले पहिले फ्रेंच राजदूत म्हणून गेले. दर्जा राजदूताचाच, शिवाय सहकार्य करारांनुसार राजनैतिक वर्तुळाचं ज्येष्ठपद फ्रेंच प्रतिनिधीकडे राखलेलं. इतर ठिकाणी ज्येष्ठता हजर झाल्याच्या तारखेवरून ठरते. काल आलेला फ्रेंच माणूस तीन वर्षं जुन्या राजदूताच्या पुढे उभा राहतो, हे स्वतंत्र देशाच्या समारंभात कसं दिसत असेल याची कल्पना करा. सेनेगलची ही यादी वाचताना गिनीचा खालचा दर्जा शेजारी ठेवला, की 'नाही' म्हणण्याची शिक्षा किती बारकाईने दिली होती ते समजतं.

तारखांबद्दल थोडक्यात. तुमच्या आणि माझ्या तारखांत कुठे कुठे तीन-चार महिन्यांचा फरक आहे. दोन्ही बरोबर असू शकतात. आधी यजमान देशाची खासगीत पूर्वसंमती घेतात. ती नाकारली तर कारण द्यावं लागत नाही, आणि बाहेर सहसा कळतही नाही. मग फ्रान्समध्ये मंत्रिमंडळाच्या बैठकीत नेमणूक होते, सरकारी राजपत्रात हुकूम छापला जातो. मग राजदूत पोचतो, अधिकारपत्रांची प्रत परराष्ट्र मंत्रालयाला देतो, आणि शेवटी राष्ट्राध्यक्षाची वेळ मिळेल तेव्हा मूळ पत्रं सादर करतो. काम सुरू झालं असं कधी धरायचं ते यजमान देशाच्या प्रथेवर. कुठे प्रत दिल्यापासून, कुठे मूळ पत्रं दिल्यापासून. राजपत्रावरून केलेली यादी नेहमी लवकरची तारीख दाखवते, राष्ट्राध्यक्ष भवनाच्या नोंदींवरची उशिराची. एकाच यादीत दोन्ही मिसळल्या की जुना राजदूत जायच्या आधीच नवा आलेला दिसतो आणि वाचक गोंधळतो. मी सगळीकडे नेमणुकीची तारीख धरली आहे.

कोरा रकाना नसला म्हणजे सगळं आलबेल, असंही समजू नका. घाना बघा. ऱ्होडेशियातल्या (आजच्या झिम्बाब्वेतल्या) गोऱ्या अल्पसंख्याक सरकारने नोव्हेंबर १९६५ मध्ये एकतर्फी स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि ब्रिटनने ते मोडून काढलं नाही म्हणून आफ्रिकी ऐक्य संघटनेने सदस्यांना ब्रिटनशी संबंध तोडायला सांगितलं. घानाने डिसेंबरात तोडले. फेब्रुवारीत घानाचे राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांची सत्ता गेली, मार्च १९६६ मध्ये संबंध जुळले. पण ब्रिटिश उच्चायुक्तांच्या यादीत हॅरल्ड स्मेडली, १९६४ ते १९६७, अशी एकच सलग ओळ मिळते. गिनीतही डिसेंबर १९६१ मध्ये सोव्हिएत राजदूत दानिएल सोलोद यांना हाकललं गेलं, पण संबंध तुटले नाहीत. पुढच्याच महिन्यात मॉस्कोहून सोव्हिएत नेते मिकोयान समजूत घालायला आले. उलट नायजेरियाने जानेवारी १९६१ मध्ये सहारातल्या तिसऱ्या फ्रेंच अणुचाचणीनंतर राजदूत रेमों ऑफ्र्वा यांना अठ्ठेचाळीस तास दिले आणि संबंधही तोडले. राजदूत गेल्याची तारीख तिन्हीकडे शोधता येते. तिच्या पलीकडे काय झालं ते स्वतंत्रपणे तपासावं लागतं.

हेच नायजरला लागू आहे. २६ जुलै २०२३ ला लष्कराने राष्ट्राध्यक्ष मोहम्मद बझूम यांना डांबलं. २५ ऑगस्टला फ्रेंच राजदूत सिल्व्हाँ इते यांना अठ्ठेचाळीस तासांत देश सोडायला सांगितलं. पॅरिसचं उत्तर असं, की इते यांना मान्यता दिली ती निवडून आलेल्या सरकारने. बंडखोरांना ती काढून घ्यायचा अधिकार नाही. युक्तिवाद ऐकायला ठाशीव आहे, पण तो व्हिएन्ना कराराच्या ९ व्या कलमाला अडखळतो. यजमान देश कारण न देता कोणालाही नकोसं ठरवू शकतो, आणि पाहुण्याने वाजवी मुदतीत त्याला परत नेलं नाही तर त्याला दूतावासाचा सदस्य मानायचं नाकारू शकतो. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की 'यजमान देश' म्हणजे कोण. नायजरच्या लष्कराने पुढचं पाऊल टाकलं. इते यांचं राजनैतिक संरक्षण आणि व्हिसा रद्द केला आणि पोलिसांना त्यांना बाहेर काढायचा हुकूम दिला. वकिलातीत शिरणं मात्र टाळलं, कारण इमारत व्यक्तीपेक्षा वेगळी आणि तिची अभेद्यता राजदूत नकोसा ठरल्याने जात नाही. नाकेबंदी झाली. राजदूत सैनिकी शिध्यावर जगताहेत आणि जवळजवळ ओलीस आहेत, असं माक्राँ सप्टेंबरात म्हणाले. २४ सप्टेंबरला माघारीची घोषणा, २७ ला इते बाहेर. वकिलात २०२४ च्या सुरुवातीला अधिकृतपणे बंद झाली, आणि तिचं काम पॅरिसमधून चालेल असं फ्रान्सने जाहीर केलं. संबंध तोडल्याची घोषणा दोघांपैकी कोणी केली नाही. मालीने जानेवारी २०२२ मध्ये ज्योएल मेयर यांना बहात्तर तास दिले. बुर्किना फासोतून ल्युक आलाद यांना जानेवारी २०२३ मध्ये 'सल्लामसलतीसाठी' परत बोलावलं, म्हणजे तिथे निदान दार फ्रान्सने स्वतः ओढून घेतल्याचा आव तरी राहिला. तीन शेजारी, तीन वेगळे निर्गम. सगळ्यांपुढे 'संबंध तुटले' असा एकच शिक्का मारला तर यादी ठेवायची तरी कशाला?

उरला टोला, मराठीत हे कोणाला हवं. गोव्याचा इतिहास वाचणाऱ्या प्रत्येकाला. भारताने लिस्बनमधलं आपलं लिगेशन, म्हणजे राजदूताहून खालच्या दर्जाच्या दूताची वकिलात, जून १९५३ मध्ये बंद केलं, कारण पोर्तुगाल गोव्याबद्दल बोलायलाच तयार नव्हता. पण पोर्तुगालचं दिल्लीतलं लिगेशन चालूच होतं आणि संबंधही. ते बंद करायला भारताने सांगितलं जुलै १९५५ मध्ये. त्यानंतर पोर्तुगालच्या भारतातल्या हिताची काळजी ब्राझीलने वाहिली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला तेव्हा लिस्बनशी थेट बोलायला दिल्लीत कोणीच नव्हतं. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरिश यांनी ज्या करारावर सह्या केल्या, त्यात पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं आणि संबंध पुन्हा जुळले. दिल्लीतल्या पोर्तुगीज प्रतिनिधींच्या यादीत १९५५ ते १९७४ असाच कोरा पट्टा आहे. आणि १९५३ ते १९५५ ही दोन वर्षं वकिलात बंद पण संबंध चालू अशी गेली. नायजरच्या ओळीत 'राजदूत परतले, वकिलात बंद' एवढंच राहील, ते याच कारणाने.